जव्हारची राजमालिका

गेल्या महिन्यांत तलासरीहून एका वाचकभगिनींचें पत्र आम्हांस आलें. यजमानांची नोकरी तिकडे असल्यामुळें त्यांचें कुटुंब कांहीं वर्षें तेथें राहत आहे. त्यांच्या सहावींतल्या मुलास शाळेंत ‘आपल्या जिल्ह्याचा इतिहास’ ह्या विषयावर निबंध लिहून आणावयास सांगितलें. पालघर जिल्हा हा तसा तान्हाच. १ ऑगस्ट २०१४ रोजीं तो ठाणें जिल्ह्यापासून वेगळा झाला. नव्या जिल्ह्याचा जुना इतिहास शोधतां शोधतां मुलाच्या हातीं जव्हारच्या राजांची यादी लागली आणि त्यानें ती सुवाच्य अक्षरांत वहींत उतरून घेतली. येथपर्यंत सारें ठीक झालें. परंतु यादी पुरी झाल्यावर चिरंजीवांनीं मातोश्रींस तीन प्रश्न घातले. शिवाजीमहाराजांस भेटला तो विक्रमशहा आणि इंग्रजी अमदानींत वारला तो विक्रमशहा हे एकच कीं दोन? पहिल्या राजाच्या आधीं तेथें कोण होतें? आणि एवढ्या लांबलचक यादींत एकही बाई कशी नाहीं? ‘पहिल्याचें उत्तर मीं कसेंबसें दिलें,’ असें त्या लिहितात, ‘दुसऱ्यास “जंगल होतें” असें सांगून वेळ मारून नेली, तिसऱ्या प्रश्नाच्या वेळीं मात्र त्याला पाणी आणावयास पाठविलें.’

हे तिन्ही प्रश्न इतके मार्मिक आहेत कीं, ह्या महिन्याचें आमचें पान आम्ही त्यांच्याच स्वाधीन करीत आहों. कोणत्याही राजवंशाची यादी घ्या. ती एकाच गोष्टीचें उत्तर देते, कोणामागून कोण आला ह्याचें. तें उत्तर खोटें नसतें, पण अपुरें असतें. दोन नांवांच्या मध्यें जी थोडी कोरी जागा सुटलेली असते, तिच्यांतच पुष्कळ वेळां राज्य राहिलें कीं गेलें ह्याचा निकाल लागलेला असतो. त्या कोऱ्या जागेंत डोकावून पाहण्याची बुद्धि एका शाळकरी मुलास झाली, ह्याचें आम्हांस मोठें कौतुक वाटलें.

ज्या वाचकांचें तिकडे जाणें झालें नसेल त्यांच्यासाठीं थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. तलासरी हें महाराष्ट्राच्या वायव्य टोंकाचें गांव. मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा हमरस्ता तेथून जातो आणि थोडें पुढें गेलें कीं गुजरातची हद्द लागते. पश्चिमेकडे डहाणूचा समुद्रकिनारा आणि चिकूच्या बागा. पूर्वेकडे व आग्नेयेकडे डोंगर, सागाचीं रानें आणि नाचणी-वरीचीं शेतें. ह्या आग्नेयेच्या डोंगरांत चढून गेलें म्हणजे जव्हार लागतें. तेथें मुकणे ह्या महादेव कोळी घराण्याचें राज्य चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सुरू झालें आणि १९४८ सालीं तें मुंबई प्रांतांत विलीन झालें. सुमारें सहाशें वर्षें एकाच घराण्याकडे गादी राहणें ही सामान्य गोष्ट नव्हे. तेवढ्या अवधींत दिल्लीस तुघलक, लोदी आणि मोगल होऊन गेले. दक्षिणेंत बहामनी राज्य उदयास येऊन त्याचे पांच तुकडे झाले. वसईस पोर्तुगीज आले आणि १७३९ सालीं चिमाजीआप्पांनीं त्यांस तेथून घालविलें. पेशवाई आली आणि १८१८ सालीं तीही बुडाली. जव्हारची गादी मात्र, कधीं मोठ्या तर कधीं लहान मुलखावर, चालूच राहिली.

आतां पहिला प्रश्न. नेमशहा, विक्रमशहा, पतंगशहा, कृष्णशहा हींच नांवें ह्या यादींत फिरून फिरून येतात; त्यामुळें मुलाचा घोटाळा झाला ह्यांत नवल नाहीं. हीं घरांतलीं नांवें नव्हत, गादीवरचीं नांवें होत. अखेरचे राजे घरीं यशवंतराव, पण गादीवर पतंगशहा. त्यांचे वडील मार्तंडराव, ते गादीवर विक्रमशहा. आपल्याही घरांत आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची चाल आहे; आणि सासऱ्याचें नांव तोंडानें कसें घ्यावें म्हणून सून त्या मुलास बापू नाहीं तर तात्या म्हणून हांक मारते. तेंच येथें राजाच्या थाटानें झालें, एवढेंच. शिवाजीमहाराजांस भेटला तो विक्रमशहा सतराव्या शतकांतला. इंग्रजी अमदानींतला विक्रमशहा १८६५ सालीं वारला. दोघांमध्यें २०० वर्षांचें अंतर आहे. तेव्हां मातोश्रींनीं ‘दोन’ असें उत्तर दिलें असेल तर तें अगदीं बरोबर आहे.

परंतु ह्या नांवांतला ‘शहा’ हा शब्द डोंगरांतल्या कोळी राजांच्या घरीं कोठून आला, हें मुलानें विचारलें नाहीं. तें आम्ही विचारतों. घराण्याचा मूळ पुरुष जयबा मुकणे. त्याचा मुलगा धुळबाराव ह्यास दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक ह्यानें राजा म्हणून मान्यता दिली, आणि तो नेमशहा झाला. तो दिवस इंग्रजी गणनेनें ५ जून १३४३ चा. जव्हार दरबारास ही गोष्ट इतकी मोलाची वाटली कीं, त्या दिवसापासून त्यानें आपला स्वतंत्र शक धरला, आणि एकोणिसाव्या शतकांतही दरबारी कागदांवर तो शक घातला जात असे. नेमशहाच्या वेळीं ह्या राज्यांत आजच्या ठाणें, पालघर व नाशिक जिल्ह्यांतील बराच मुलूख होता. २२ किल्ले होते आणि वसूल ९ लाखांचा होता, असें सांगतात.

ह्यांत लक्षांत घेण्यासारखी एक गोष्ट आहे. शकाचा आरंभ जयबानें मुलूख मिळविला त्या दिवसापासून धरलेला नाहीं. दिल्लीच्या मान्यतेचा दिवस तो आरंभ मानला. म्हणजे घर बांधून पुरें झालें तो दिवस महत्त्वाचा नव्हे, तर सातबाऱ्यावर नांव चढलें तो दिवस महत्त्वाचा! मुलूख मनगटाच्या जोरावर मिळेल. पण मुलास, नातवास व पणत्वास तो निर्वेधपणें मिळावयाचा तर वर कोणीतरी ‘हा राजा आहे’ असें म्हणणारा लागतो. जव्हारच्या राजांनीं हें मर्म फार लवकर ओळखलें, आणि नांवापुढचा ‘शहा’ ही त्याची कायमची खूण राहिली.

हा ‘वरचा’ मात्र वेळोवेळीं बदलत गेला. जानेवारी १६६४ मध्यें शिवाजीमहाराज सुरतेवर चालून जात असतां जव्हारजवळ शिरपामाळ येथें त्यांचा मुक्काम पडला व विक्रमशहानें तेथें त्यांची भेट घेऊन शिरपेंच अर्पण केला, अशी तिकडे आख्यायिका आहे. माळाचें नांवही त्यावरूनच पडलें म्हणतात. परंतु सुरतेची वाट ज्याच्या दारावरून जाते त्याचें स्नेहावर किती दिवस भागणार? १६७२ सालीं मोरोपंत पिंगळ्यांनीं मोठें सैन्य नेऊन जव्हार घेतलें. तेथें १७ लाखांचा खजिना त्यांच्या हातीं आला आणि विक्रमशहास राज्य सोडून पळावें लागलें. योगायोग असा कीं, इतिहासकार ह्या घटनेचीही तारीख जूनची ५ वीच देतात. ज्या तारखेस गादीस मान्यता मिळाली, त्याच तारखेस ३२९ वर्षांनीं राजा परागंदा झाला! पुढें घराण्याचें बस्तान पुन्हां बसलें, पण पूर्वींचें वैभव पुन्हां आलें नाहीं. मराठ्यांच्या अमलांत मुलूख आटत गेला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं जव्हार संस्थान अवघें ३१० चौरस मैलांचें उरलें होतें. मुलाच्या वहींत मात्र २२ किल्ल्यांचा राजा आणि ३१० चौरस मैलांचा राजा हे एकाखालीं एक, एकाच मापाच्या अक्षरांत बसले आहेत. यादीस उंचसखल माहीत नसतें.

इंग्रजांच्या राज्यांत ‘वरच्या’च्या मान्यतेस निराळीच धार आली. औरस पुत्र नसतांना राजानें दत्तक घेतला, तर तो सरकारनें मान्य केला पाहिजे. नाहीं तर राज्य खालसा. साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज १८४८ सालीं मरणशय्येवर दत्तक घेऊन वारले. तो दत्तक सरकारनें मानला नाहीं आणि छत्रपतींची गादी संपली. झांशी आणि नागपूर हीं १८५४ सालीं त्याच वाटेनें गेलीं. शास्त्राप्रमाणें दत्तक पुत्र हा पुत्रच. त्याच्या हातचें पाणी पितरांस पोहोंचतें. पण जें पाणी पितरांस पोहोंचत होतें तें कलकत्त्यास पोहोंचेना! १८५७ सालच्या उठावानंतर सरकारची दृष्टि फिरली, आणि १८६२ च्या सुमारास लॉर्ड कॅनिंगनें संस्थानिकांस दत्तकाच्या सनदा दिल्या. पुढें जव्हारासही तशी सनद होती व वडील मुलानें गादीवर बसावें असा तेथील दंडक होता. साताऱ्यास मिळाली नाहीं ती सवलत डोंगरांतल्या ह्या लहानशा संस्थानास मिळाली. ह्यांत गुणावगुणाचा प्रश्न नव्हता; सातारचे महाराज चौदा वर्षें आधीं वारले, हाच काय तो फरक.

दुसरा प्रश्न आम्हांस सर्वांत अवघड वाटतो. पहिल्या राजाच्या आधीं तेथें कोण होतें? ‘जंगल होतें,’ हें उत्तर मातोश्रींनीं दिलें खरें. पण त्याचें खंडण खुद्द जव्हारच्या राजवंशाची कथाच करते. ती कथा अशी सांगतात. जयबा एकदां पिंपरी येथील देवस्थानास गेला असतां पांच साधूंनीं त्यास आशीर्वाद देऊन ‘जव्हारचा राजा’ म्हणून वंदन केलें. त्यानें माणसें जमविलीं, पेठ व धरमपूर ह्या बाजूंस तो फिरला, सात वर्षें काठेवाडाकडे काढलीं आणि मग जव्हारास आला. तेथें त्या वेळीं एका वारली राजाचा अंमल होता. जयबानें त्याच्यापाशीं बैलाच्या एका कातड्यांत मावेल एवढीच जमीन मागितली. एवढीशी मागणी! वारली राजानें ती आनंदानें मान्य केली. तेव्हां जयबानें कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, त्या एकीस एक जोडल्या, आणि त्या वेढ्यांत राजधानीच घेतली. वारली राजानें शब्द मोडला नाहीं. जयबानें त्यास गंभीरगड व त्याच्या भोंवतालचा मुलूख देऊन वाटेस लावलें.

पाश्चात्य पुराणांची ज्यांना माहिती आहे अशा वाचकांस ही कथा ओळखीची वाटेल. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील कार्थेज नगरीची स्थापना टायरची राजकन्या एलिसा, म्हणजेच डायडो, हिनें अशाच युक्तीनें केली असें ग्रीक व रोमन लोक सांगत. तेथील टेकडीचें नांव बिर्सा, आणि ग्रीक भाषेंत त्या शब्दाचा अर्थ कातडें. एकच कथा दोन टोंकांस सांपडते तेव्हां ती घडलेली गोष्ट म्हणून न घेतां सांगण्याची गोष्ट म्हणून घ्यावी, हें बरें. पण सांगण्याच्या गोष्टीही कांहीं कबूल करून जातात. ही कथा राजघराण्याच्या बाजूनें, राजाच्या चातुर्याच्या कौतुकासाठीं सांगितली जाते. आणि तरीही ती दोन गोष्टी लपवीत नाहीं. जमीन आधीं वारल्यांची होती, आणि ती त्यांनीं दिलेल्या शब्दास जागून गमावली. कथेंत ज्याचें वर्तन निष्कलंक आहे असा माणूस एकच, आणि नेमकें त्याचेंच नांव कोणीं सांगत नाहीं. कार्थेजची कथा सांगणाऱ्यांनीं तेथल्या मूळच्या लोकांचें नांव ठेवलें नाहीं असें नाहीं. आमच्याकडे तेवढेंही झालें नाहीं.

ज्या गंभीरगडावर त्या निनांवी राजाची रवानगी झाली तो गड कोठें आहे, हें मुलानें नकाशांत पाहावें. तो डहाणू तालुक्यांत, तलासरीच्याच बाजूच्या डोंगरांत आहे. म्हणजे मुलगा ज्या शाळेंत शिकतो तिच्या भोंवतालीं वारल्यांचीं जीं गांवें आहेत तीं त्या कथेच्या दुसऱ्या अंगाचीं आहेत. त्याच्या वर्गांत वारल्यांचीं मुलें असतीलच. जव्हारच्या राजवंशाची यादी आहे. गंभीरगडच्या वंशाची नाहीं. पण यादी नाहीं म्हणून वंश नाहीं असें नव्हे.

त्या वंशाचें पुढें काय झालें? हा डहाणू-तलासरीचा पट्टा पुढें जव्हार संस्थानांत नव्हता, तो इंग्रजांच्या खालसा मुलखांत होता. तेव्हां जें झालें त्याचा दोष जव्हारच्या गादीवर नाहीं. तेथें वारल्यांच्या जमिनी जमीनदार-सावकारांकडे गेल्या, आणि वारली आपल्याच रानांत वेठीस धरला गेला. लग्नासाठीं थोडें कर्ज काढावें व त्यापायीं नवराबायकोंनीं वर्षानुवर्षें सावकाराकडे राबावें. अशा माणसास लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजीं झरी ह्या गांवीं हजारों वारली जमले आणि त्यांनीं वेठ न करण्याचा निश्चय केला. हें झरी आज तलासरी तालुक्यांत आहे. त्या चळवळीच्या पुढाऱ्यांत गोदावरी परुळेकर होत्या. त्या पुण्याच्या गोखल्यांच्या घरांत जन्मल्या व वाढल्या, हें आमच्या वाचकवर्गानें विसरूं नये. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तलवाडा येथें पोलिसांचा गोळीबार होऊन पांच वारली मृत्युमुखीं पडले. जेठ्या गांगड हे त्यांतलेच एक. बैलाच्या कातड्याच्या गोष्टींत वारली राजाचें नांव नाहीं. १९४५ सालच्या ह्या गोष्टींत निदान एक नांव तरी आहे. मुलानें तें आपल्या वहींत लिहावें, अशी आमची शिफारस आहे.

आतां तिसरा प्रश्न, ज्याच्या वेळीं चिरंजीवांस पाणी आणावयास जावें लागलें.

१८२१ सालापासून संस्थान संपेपर्यंत जव्हारच्या गादीवर पांच राजे आले. त्यांतील निदान तिघे गादीवर आले तेव्हां अज्ञान होते. १८२१ सालीं पतंगशहा वारले, तेव्हां विक्रमशहा लहान होते. १८६५ सालीं ते वारले, तेव्हां त्यांच्यामागून आलेले पतंगशहा सुमारें दहा वर्षांचे होते. आणि अखेरचे यशवंतराव, ज्यांचा जन्म १९१७ सालचा, तेही नऊ-दहा वर्षांच्या वयांतच गादीचे धनी झाले. आतां आम्ही विचारतों कीं, दहा वर्षांच्या मुलाचें नांव यादींत लिहिलें म्हणून का राज्य चालतें? १८२१ सालीं विक्रमशहाच्या नांवानें कारभार पाहिला तो राणी सगुणाबाईंनीं. पेशवाई बुडून तीनच वर्षें झालीं होतीं. इंग्रज सरकार नवें, त्याचे रिवाज नवे, आणि कोणतें संस्थान ठेवावें व कोणतें मोडावें ह्याचा विचार पदोपदीं चाललेला. अशा वेळीं मांडीवर अज्ञान राजा घेऊन एका विधवेनें ती गादी सांभाळली. यादींत १८२१ च्या पुढें विक्रमशहाचें नांव आहे. सगुणाबाईंचें नांव शोधावयाचें तर दोन नांवांमधल्या त्या कोऱ्या जागेंतच शोधलें पाहिजे.

बायकांचीं नांवें ज्यांत येतात अशाही राजमालिका जगांत आहेत. परंतु तेथें त्यांचें नशीब अधिक चांगलें होतें असें मात्र नाहीं. मध्ययुगांत फ्रान्सच्या दक्षिणेस तुलूझ म्हणून एक मोठा परगणा होता व त्याच्या धन्यांस काउंट म्हणत. तेथें ‘रेमंड’ हें नांव आपल्या विक्रमशहासारखेंच पिढ्यानुपिढ्या येत गेलें. सातवा रेमंड हा त्या पुरुषपरंपरेंतला शेवटचा. धर्मयुद्धाच्या नांवाखालीं वीस वर्षें त्या मुलखाची होळी झाली, आणि १२२९ सालच्या तहांत रेमंडास आपली एकुलती मुलगी जान ही फ्रान्सच्या राजाचा भाऊ आल्फोंस ह्यास द्यावी लागली. अट अशी कीं, रेमंडामागें परगणा ह्या जोडप्याकडे जावा, आणि त्यांस मूल झालें नाहीं तर तो राजाच्या खजिन्यांत जमा व्हावा. तह झाला तेव्हां ती मुलगी अवघी आठ-नऊ वर्षांची होती. रेमंड १२४९ सालीं वारला. १२७१ च्या ऑगस्टांत आल्फोंस आणि जान हीं दोघें थोड्याच दिवसांच्या अंतरानें निपुत्रिक वारलीं, आणि तुलूझचा परगणा फ्रान्सच्या राजानें आपल्या राज्यांत घेतला.

म्हणजे तेथें मुलीस वारसा होता, म्हणून मुलगी हीच मुलूख नेण्याची वाट झाली. येथें मुलीस वारसा नव्हता, म्हणून तिचें नांवच उरलें नाहीं. तेथें दत्तकाची सोय नव्हती, म्हणून एका निपुत्रिक जोडप्याबरोबर परगणा बुडाला. येथें दत्तकाची सोय होती, पण ती मान्य करणें परक्याच्या हातीं गेलें तेव्हां साताऱ्याचें जें झालें तें झालेंच. दोन्हीकडे यादी लिहिणारानें एक नांव लिहिलें आणि त्याच्या खालीं दुसरें लिहिलें. त्या दोहोंमध्यें आठ-नऊ वर्षांच्या मुलीचें लग्न होतें, विधवेची जागरणें होतीं, दत्तकाचा कागद होता. तें सारें त्या रिकाम्या जागेंत राहून गेलें.

राजेरजवाड्यांची ही गोष्ट आम्ही आमच्या वाचकांस कां सांगत आहों? कारण आपल्याही घरोघरीं अशा याद्या आहेत. त्र्यंबकेश्वरास किंवा नाशकास गेलें म्हणजे क्षेत्रोपाध्याय आपली चोपडी काढतात आणि पणजोबांच्या हातची सही दाखवितात; आपला ऊर भरून येतो. कित्येक कुलांचे वंशवृक्ष छापलेले आहेत. त्या वृक्षांच्या फांद्या नीट पाहा. बहुतेक सर्व पानें पुरुषांचीं आहेत. पंचविसाव्या वर्षीं विधवा होऊन तीन मुलांस माधुकरीवर शिकविणारी पणजी त्यांत नाहीं. दुसऱ्या घरांतून आलेल्या दत्तकाची जन्मदात्री तर नाहींच नाहीं. कायद्यानें आपल्यापेक्षां अधिक उदारपणा दाखविला आहे. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलीस वारस केलें, आणि २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत मुलगी जन्मतःच मुलाच्या बरोबरीची भागीदार झाली. मिळकतींत नांव आलें. वंशवृक्षांत मात्र तें यावयास अद्याप जागा मिळाली नाहीं. तेथें कोणा ‘वरच्या’ची मान्यता लागत नाहीं, सनद लागत नाहीं, दौत-लेखणी आणि घरांतल्या वडील बायकांपाशीं घटकाभर बसण्याची तयारी, एवढेंच लागतें.

जव्हारच्या यादीचा शेवट सांगून पुरें करूं. यशवंतराव महाराज दुसऱ्या महायुद्धांत हिंदी विमानदलांत होते. १९४८ सालीं त्यांचें संस्थान विलीन झालें. पुढें ते लोकांच्या मतांनीं लोकसभेवर निवडून गेले. ज्यांच्या पूर्वजास सुलतानानें ‘राजा’ म्हटलें, त्यांस शेवटीं शेतकऱ्या-मजुरांच्या मतांची मान्यता घ्यावी लागली, आणि ती मिळाली. १९७१ सालीं घटनादुरुस्तीनें साऱ्याच संस्थानिकांचे तनखे व किताब गेले. तेथें यादी संपते.

पण एक गोष्ट संपली नाहीं. डहाणूनजीक विवळवेढे येथें महालक्ष्मीची चैत्रांत मोठी यात्रा भरते. चैत्री पौर्णिमेच्या मध्यरात्रीं तेथील उंच सुळक्यावर ध्वज लावतात. तो ध्वज जव्हारच्या मुकणे घराण्याचा. आणि अंधारांत तो कडा चढून ध्वज वर लावण्याचा मान वाघाडी गांवच्या सातवी घराण्यांतील पुजाऱ्याचा. ध्वज देणाऱ्यांची यादी मुलाच्या वहींत आहे. ध्वज वर नेणाऱ्यांची यादी कोणीं छापली नाहीं. पण बापामागून मुलगा, मुलामागून नातू असा तो कडा ते चढत आले, तेव्हांच तो ध्वज दर वर्षीं वर लागला.

तेव्हां तलासरीच्या आमच्या भगिनींस एवढेंच सुचवितों. मुलाची यादी खोडूं नये. ती चांगली आहे. त्यानें फक्त ती पुन्हां एकदां लिहावी आणि दोन-दोन नांवांच्या मध्यें एकेक ओळ मोकळी सोडावी. पहिल्या नांवाच्या वर ‘गंभीरगडास गेलेला वारली राजा’ असें लिहावें. १८२१ च्या पुढें सगुणाबाईंचें नांव घालावें. उरलेल्या ओळी कोऱ्या राहिल्या तरी चालेल. चैत्रांत त्यास महालक्ष्मीच्या यात्रेस न्यावें. आणि पाणी आणावयास पाठवावयाचेंच असेल, तर परत आल्यावर त्याच्या स्वतःच्या पणजीचें नांव त्यास सांगावें.